दुसऱ्या ताटातला चिमिचांगा

६ मार्च

ताई,

बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि तेही कामापुरतं, म्हणून आधीच कान पकडतो. मोबाईलवर दोन ओळी टाकल्या असत्या, पण तूच बजावलं आहेस की तसलं तुटक बोलणं तुला भांडल्यासारखं वाटतं. आणि व्हिडिओवर माझे ओठ अडकत अडकत हलतात, ते तुला वाचता येत नाहीत. तेव्हा पत्रच बरं.

काम असं की फ्रोझन पदार्थ विकणाऱ्या एका कंपनीची रेडिओची जाहिरात माझ्याकडे आलीय. त्यांना चिमिचांगा खाल्ल्याचा आवाज हवाय. बाकी काही नको. पहिल्या घासाचा कडाका, मग चावणं, मग समाधानाचा एक श्वास. इतकी वर्षं मी लोकांच्या सिनेमांसाठी पावलं वाजवली, दारं करकरवली, नसलेला पाऊसही पाडला. हे तर डाव्या हातचं काम, असं वाटलं होतं. पण कंपनीचा चिमिचांगा तळला की भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लागतो आणि वाजतोही तसाच. दिग्दर्शक म्हणाला, "मग घरीच करा ना कुरकुरीत!" जणू माझ्या स्वयंपाकघरात चार आचारी हात बांधून उभे आहेत.

तुझ्या मेसमध्ये शनिवारी पोरं चिमिचांग्यासाठी जिन्यापर्यंत रांग लावतात ना? मग मला लिही कसा करायचा. एखाद्या मठ्ठ माणसाला समजावावं तसं लिही. माझ्याकडे एक कढई आहे, एक झारा आहे आणि अज्ञान भरपूर आहे.

चिऊला म्हणावं, मामा जिवंत आहे.

तुझा
बारक्या


११ मार्च

बारक्या,

तुझे कान तूच पकडलेस ते बरं केलंस. मी पकडले असते तर हातात आले असते. सहा महिन्यांनी बहिणीची आठवण, आणि तीही तळणापुरती!

आता नीट वाच. चिमिचांगा म्हणजे मैद्याच्या पातळ, रुमालासारख्या पोळीत सारण गुंडाळायचं आणि तळायचं. त्या पोळीला टॉर्टिया म्हणतात. तू तयार आण, लाटायच्या भानगडीत पडू नकोस, तुझ्या पोळ्या मला आठवतात. सारणाला चिकन उकडून त्याचे तंतू काढ. शिजवलेला राजमा घोट, कांदा परत, जिरेपूड, तिखट, मीठ घाल आणि सगळं एकत्र करून कोरडं होईस्तोवर हलवत राहा. कोरडं म्हणजे कोरडं. उलथनं फिरवलं की कढईचा तळ दिसला पाहिजे. सारणात पाणी राहिलं तर पोळी आतून भिजते आणि तुझा कडाका गेला बाराच्या भावात. गार झालं की वर चीज किस.

पोळी तव्यावर जरा गरम केलीस तरच वाकेल, नाहीतर तडकते. दोन्ही बाजू आत मोडायच्या, मग पाकिटासारखी घट्ट घडी, आणि शेवटच्या कडेला मैद्याची खळ लाव. कढईत सोडताना ती कड खाली. तेलात पोळीचा एक कपटा टाकून बघ, तो लगेच बुडबुडे घेऊन वर आला पाहिजे. तो तळाशीच बसून राहिला तर तूही बसून राहा. तळल्यावर कागदावर नको, जाळीवर ठेव, खालून वारा लागू दे.

मला हे सगळं आता डोळ्यांनी कळतं, बुडबुडे बारीक झाले की काढायचे. पूर्वी कानांनी कळायचं. त्या तापानं माझे कान नेले त्याला अकरा वर्षं झाली, पण अजून तेल तापलं की मी मान तिरकी करते. चिऊ हसते. ती मजेत आहे, चष्म्याच्या दुकानात सगळ्या गावाचे डोळे तपासते आणि घरी येऊन पाटीवर मला दिवसभराच्या कागाळ्या लिहून दाखवते.

एक तुझ्याही पोटात जाऊ दे. नुसता वाजवून टाकून देऊ नकोस.

ताई


२२ मार्च

ताई,

पहिला फुटला. दुसरा फुटला नाही पण लिबलिबीत झाला, मला उचलताही आला नाही. तिसऱ्या दिवशी सारण इतकं कोरडं केलं की कढईनं हात टेकले, आणि मग जमला! सोनेरी, फुगीर, नखानं टकटक केली तर लाकडासारखा वाजणारा. दुपारी खालचं शिवणकामाचं दुकान बंद असतं, इमारत सुनसान होते. भिंतींना रजया टांगल्या, टेबलावर माइक ठेवला आणि चावलो. ताई, काय सांगू! पहिला थर काचेसारखा मोडतो, मग खालचे थर एकामागून एक. तुला ऐकवता आलं असतं तर.

आता एक विचित्र गोष्ट. रात्रभर डोक्यात होती, म्हणून लिहूनच टाकतो. रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकलं. माझा घास, माझं चावणं, माझं गिळणं, मग मी तोंड बाजूला घेतो. आणि मग, जरा लांबून, पुन्हा कडाका येतो. तसाच. पुन्हा चावणं. माझ्यापेक्षा सावकाश.

प्रतिध्वनी नव्हे. इतकी वर्षं मी आवाजावरच पोट भरतो, मला प्रतिध्वनी ओळखता येतो. प्रतिध्वनी गिळत नाही.

दिग्दर्शकाला पाठवलं तर तो खूष. म्हणाला, "दोघं मिळून खातायत, ही कल्पना छान सुचली तुम्हाला! एकट्यानं खाण्यात काय मजा?"

बारक्या


२७ मार्च

बारक्या,

मी बहिरी आहे, बावळट नाही. कोण आहे ती?

तुझी बायको गेली सोडून त्याला आता चार वर्षं झाली. तुझ्या टेबलाशी कुणी बसून खात असेल तर मला आनंदच आहे, त्यासाठी असल्या भुताटकीच्या गोष्टी रचायची गरज नाही. "जरा लांबून" म्हणे! तुला तिचं नाव सांगायला लाज वाटते का माझी? चिऊ म्हणते, मामा लाजाळू आहे, त्याला वेळ दे. देते. पण तिला म्हणावं, सावकाश चावून खाणारं माणूस चांगलं असतं.

तिला तिखट चालत असेल तर सारणात हिरवी मिरची बारीक चिरून घाल.

ताई


९ एप्रिल

ताई,

बाई नाही. कुणी नाही. असती तर तुझ्याशी खोटं बोललो नसतो, उलट मिरवलो असतो.

दार आतून बंद केलं. खिडक्या लावल्या. चिमिचांगा तळला आणि माइकसमोर नुसता ठेवला, खाल्लाच नाही. हातांची घडी घालून खुर्चीत बसलो. खोलीत चिडीचूप. मग हेडफोन लावून ऐकलं. कडाका होता. चावणं होतं. ताई, ते आता लांबून नाही. समोरच्या खुर्चीइतकं जवळ आहे.

आणि ताटातला चिमिचांगा जशास तसा, एक कण हललेला नाही. मी तो उचलून चावला. मऊ. थंडगार आणि मऊ, कालच्या ब्रेडसारखा. नुकता तळलेला, जाळीवर ठेवलेला! म्हणजे समजतंय का तुला? खाल्ला जातो तो चिमिचांगा नाही. त्याची कुरकुर खाल्ली जाते.

दिग्दर्शकाला आणखी तीन हवेत. मलाही हवेत, खोटं कशाला बोलू. दुपार झाली की हात आपोआप कढईकडे जातो.

सोबत एक रेकॉर्डिंग पाठवतोय. चिऊला ऐकायला सांग. सुरुवातीला मी बोललोय: "ताईच्या हातचा नाही, पण ताईच्या अकलेचा." पुढे ती काय ऐकते ते शब्दन्‌शब्द मला कळव. मी वेडा झालोय की नाही ते ठरवायला दुसरे कान हवेत, आणि माझ्या ओळखीत तिच्यापेक्षा चांगले कान नाहीत.

बारक्या


१६ एप्रिल

बारक्या,

चिऊनं ऐकलं. मी समोर बसून तिचा चेहरा वाचत होते. आधी भुवया वर, मग कपाळाला आठी, मग तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले, जरा लांबच ठेवले.

पाटीवर तिनं लिहिलं ते जसंच्या तसं देते. "मामाचा आवाज नाहीये. सुरुवातीला बराच वेळ काहीच नाही. मग कुणीतरी खातंय. एकच माणूस. मध्येमध्ये थांबतं."

मी विचारलं, दम घ्यायला थांबतं का? तिनं पुसून पुन्हा लिहिलं. "नाही. ऐकायला थांबतं."

मला वाटतं तुझी वायर सुटली असेल. तुझा आवाज नोंदला गेला नसेल. होतं असं, नाही का? मेसमधला मिक्सरही मधूनच बंद पडतो. तू जरा बाहेर पड, हवा खा. तळकट रोज खाऊ नये. आणि मला लगेच उत्तर लिही. लगेच म्हणजे लगेच.

ताई


३ मे

ताई,

उत्तराला उशीर झाला. लिहिण्यासारखं धड काही जमेना.

वायर ठीक आहे. मीच ठीक नाही. गेल्या आठवड्यात किराणावाल्याकडे गेलो, तेलाची पिशवी मागितली. तो मोबाईल बघत होता. पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा ओरडलो म्हण ना. मग त्यानं सहज मान वर केली आणि दचकला, "अहो, कधी आलात? काही बोलला नाहीत ते!" खिडकीत कबुतरं बसतात, टाळी वाजवली तर उडत नाहीत. जिन्यात घरमालकीण पुढे चालली होती, मी मागून हाक मारली, ती तशीच चढत गेली. मी माझी पावलं रेकॉर्ड करून पाहिली. लाकडी जमीन, चामड्याचे बूट, इतकं सोपं काम. काही नाही उमटलं. पोटापाण्याचा धंदाच माझा आवाजाचा, आणि माझाच आवाज निघत नाही.

मी तळणं बंद करून पाहिलं. चार-पाच दिवस कढईला हात लावला नाही. त्या दिवसांत जास्त गेलं. चमचा पडला, वाजला नाही. खोकलो, मलाच ऐकू आलं नाही. ताई, त्याला कुरकुरीत काही मिळालं नाही की ते माझ्यातलं घेतं, असं दिसतंय.

म्हणून आता दोन ताटं वाढतो. एक समोरच्या खुर्चीपुढे. हेडफोन लागत नाहीत आता, तसंच ऐकू येतं. त्याचं खाऊन झालं की संध्याकाळपर्यंत माझा आवाज मला थोडा परत मिळतो. बसला असशील तर बस, असं मी त्याला म्हणतो. ते थांबतं. ऐकतं. मग पुन्हा चावतं.

तू काळजी करशील म्हणून हे लिहिणार नव्हतो. पण तुलाच लिहू शकतो. लिहायला आवाज लागत नाही.

बारक्या


७ मे

बारक्या,

रजा टाकलीय. चिऊ मेसवर माझ्या जागी दोन मुली लावून देतेय. शनिवारी येते. तोवर तळत राहा, ताट वाढत राहा, त्याला उपाशी ठेवू नकोस. आणि ते काही विचारत असेल तर उत्तर देऊ नकोस.

ताई


१९ मे

बारक्या,

सुखरूप पोचले. निघताना तू बसच्या काचेपाशी "खरं काय झालं?" म्हणालास, ते मी वाचलं, पण उत्तर द्यायचं टाळलं. आता देते. आणि तुझ्याकडे असताना जे लपवलं तेही सांगते.

मी आले त्या दिवशी तुझी घरमालकीण मला जिन्यात भेटली. मला ऐकू येत नाही कळल्यावर तिनं पिशवीतल्या कागदावर लिहिलं, "वर कुणी राहतं का अजून? कित्येक दिवसांत हू की चू नाही." मी वर आले, तू दार उघडलंस, "ताई, किती वाळलीस" म्हणालास, आणि मी नेहमीसारखं तुझ्या ओठांवरून सगळं वाचलं. मला काही वेगळं वाटलंच नाही. जगात कुणाला तू ऐकू येत नव्हतास आणि मला पहिल्यासारखाच येत होतास. त्या क्षणी मला किती भीती वाटली ते तुला सांगता येणार नाही. मी नसते तर तू भर बाजारात ओरडून मेला असतास आणि लोक बाजूनं चालत राहिले असते.

दुपारी तू तळलंस. चांगलं तळतोस रे आता. दोन ताटं मांडलीस, आणि दुसऱ्या खुर्चीकडे तिथे कुणी बसल्यासारखं पाहिलंस. तू अडवायच्या आत मी त्या खुर्चीत जाऊन बसले. खुर्ची गरम होती, बारक्या. हे मी तेव्हा बोलले नाही. मी त्याच्या ताटातला चिमिचांगा उचलला आणि कढत कढत चावला. जीभ पोळली. डोळ्यांतून पाणी आलं. तू विचारलंस काय झालं, मी म्हणाले मिरची लागली.

मिरची नव्हती. मला ऐकू आलं.

माझा घास मोडला तो मला कानांनी ऐकू आला. अकरा वर्षांनी! आधी एक कडाका, मग बारीक बारीक चुरा होत गेल्यासारखा. मला वाटलं दातांतून डोक्यात गेलं असेल. पण मी चावायची थांबले तरी ते चालू होतं. माझ्या अगदी उजव्या कानाशी.

अख्खा संपवला मी तो. तुला वाटलं, भूक लागलीय. परतीच्या बसमध्येही ते माझ्याबरोबर होतं, शेजारच्या रिकाम्या जागेवर. पुढच्या बाकावरच्या बाईनं बिस्किटाचा पुडा फोडला तेव्हा ते तिच्याजवळ सरकलं.

आता तू तिथे बूट घालून चाल बघू. वाजतात का ते कळव.

ताई


२६ मे

ताई,

वाजतात. एवढे वाजतात की खालचा शिंपी वर येऊन म्हणाला, "साहेब, घोडा पाळलात काय?" त्याला मिठी मारावीशी वाटली. किराणावाल्यानं मी दुकानाची पायरी चढायच्या आतच मान वर केली. रेकॉर्डिंगवर आता माझा एकट्याचा घास येतो, स्वच्छ. दिग्दर्शक मात्र नाराज आहे, पूर्वीची गंमत नाही म्हणतो. म्हणू दे.

पण ताई, तू हे काय करून बसलीस? मी तुला सगळं लिहिलं ते सोबतीला, माझं ओझं उचलायला नाही. ते तुझ्याशी कसं वागतंय? खरं सांग. ऐकू येणं वगैरे सगळं ठीक, पण ते फुकट देत नाही काही. माझ्या अनुभवावरून सांगतो.

घर फार शांत आहे. समोरची खुर्ची मी गच्चीत नेऊन ठेवली.

बारक्या


८ जून

बारक्या,

उगाच जीव टांगणीला लावू नकोस. छान चाललंय माझं.

रोज दुपारी मेसमधून आले की दोन तळते. खिडकीपाशी टेबल ओढून घेतलंय, तिथे दोन खुर्च्या. तळताना तेल बोलत नाही मला, ते अजून मुकंच आहे, पण ताट ठेवलं की सुरू होतं. काय सांगू तुला! पहिला कडाका कोरड्या काटकीसारखा. मग दाणेदार. शेवटी घडीचा जाड कोपरा येतो तो दोनदा वाजतो. मी डोळे मिटून बसते. तू म्हणालास तसं ते मधूनच थांबतं, ऐकतं. मग मीही थांबते. दोघंही ऐकत बसतो. इतकी वर्षं मी कापसात गुंडाळल्यासारखी जगले रे, त्याला कुणीतरी टाचणी लावलीय असं वाटतं.

तक्रार एकच, आणि ती चिऊची. पोरगी हल्ली फार शेफारलीय. पाठमोरी असली आणि मी हाक मारली तर वळतच नाही. खांदा हलवला की दचकते, वर पाटीवर लिहिते, "हाक मारायची ना!" अगं मारली की! मेसमधली पोरंही तशीच. "पुढे सरका" म्हटलं तर तशीच ढिम्म उभी, कानात त्या वायरी घालून. काल बस थांबवायला ओरडले तर ड्रायव्हर सरळ निघून गेला. माणसांना हल्ली कशाची पर्वाच राहिली नाही.

पण जाऊ दे. माझी दुपारची वेळ झाली.

ताई


१२ जून

ताई,

चिऊचा फोन आला होता. ती रडत होती.

तू हाक मारतेस, पण तिला ऐकू येत नाही. कुणालाच येत नाही. ती म्हणाली, "मामा, आई समोर उभी राहून बोलते, ओठ हलतात, हातवारे होतात, आणि काचेपलीकडचं बघितल्यासारखं वाटतं." तुला कळलं नाही कारण तुझा आवाज तुला तसाही ऐकू येत नव्हता. माझ्या वेळी मला कळलं, तुला कळणारही नाही, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

रविवारी येतो. त्या खुर्चीत मी बसेन आणि ताट मी संपवेन. माझं मला परत दे. वाद घालू नकोस.

बारक्या


२१ जून

बारक्या,

तू रविवारी आलास, दार वाजवत राहिलास, आणि चिऊनं उघडलं नाही. राग तिच्यावर काढू नकोस. मीच कडीला हात लावू दिला नाही. तू खुर्चीत बसला असतास की पुन्हा तेच. तुझ्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तुझ्याकडे. आपण काय चेंडू खेळतोय?

तुझं पत्र वाचून आधी मी खूप रागावले. मग चिऊपुढे ठेवलं. तिनं मान खाली घातली. मी म्हटलं, म्हणजे ओठ हलवले, "माझा आवाज गेला तर गेला. मला तो कसा होता हेही आठवत नाही." तिनं पाटीवर दोनच शब्द लिहिले. "मला आठवतो." आणि पाटी माझ्या मांडीवर ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी चिमिचांगा तळला, आणि जाळीवर न ठेवता ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात कोंबला. पाऊण तासानं काढला तर तो ओल्या पायमोज्यासारखा लोंबत होता. आयुष्यात असलं वाढलं नव्हतं कुणाला. ताट खुर्चीपुढे ठेवलं. ते आलं. वाट पाहिली. एकदा कुठेतरी चाचपल्यासारखं झालं, पण मोडायला काही नव्हतंच.

मग त्यानं घर शोधायला सुरुवात केली. मला ऐकू येत होतं ना. फडताळात बिस्किटं कुरकुरली. टोस्ट. कोपऱ्यातल्या कुंडीतली वाळकी पानं. केराच्या डब्यात अंड्याची टरफलं. मी बोट दाखवायची आणि चिऊ ते उचलून जिन्याखाली नेऊन टाकायची. वर्तमानपत्रं, काड्यापेटी, झाडूसुद्धा. घरात मऊ भात, उकडलेले बटाटे आणि ओली फडकी एवढंच उरलं. मग ते माझ्याकडे वळलं. माझ्याकडून घेत होतं ते मला कळत नव्हतं, पण चिऊच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझे चमचे, माझी पावलं, माझा श्वासही तिला ऐकू येईना. रात्री ती माझ्या नाकाशी हात धरून झोपली.

रोज मी ओला चिमिचांगा वाढत गेले. रोज त्याची चाहूल बारीक होत गेली. परवा दुपारी मी समोर बसले होते. चावणं नव्हतंच. नुसतं थांबणं होतं, ते ऐकत असतं तसं. मीही ऐकत होते. मला वाटलं, उठावं, तेल तापवावं, एकच नीट तळावा. एकच. कड खाली, बुडबुडे बारीक होईपर्यंत. बारक्या, मी कढई गॅसवर ठेवलीसुद्धा होती. मग दारात चिऊ दिसली. मी गॅस बंद केला.

आणि मग ते गेलं. दार आपटलं नाही की काही नाही. कापूस परत आला, कानांत, डोक्यात, सगळीकडे. मी टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडले. तुला कबूल करते, घरातलं माणूस गेल्यासारखी रडले.

तू ये आता. पुढच्या शनिवारी ये. राग धरू नकोस.

काल संध्याकाळी चिऊ खिडकीशी पाठमोरी उभी होती, वाळलेले कपडे घड्या घालत. मी स्वयंपाकघराच्या दारातून तिला हाक मारली. फार जोरात नाही, नेहमीसारखीच. तिचे हात थांबले. ती वळली.

आधी तिनं त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

ताई